नऊ फुटांची उडी

दिवाळी तोंडावर आली की आमच्या सोसायटीच्या आवारात किल्ल्याची बोलणी सुरू होतात. बोलणी म्हणजे वर्गणीची. आमच्या लहानपणी किल्ल्याला वर्गणी लागत नसे, माती लागे. ती कुठे मिळते, कोणाच्या परसातून उचलली तर कोण ओरडते आणि कोण काणाडोळा करते, याचे सगळे ज्ञान वाड्यातल्या पोरांना असे. घमेली डोक्यावर घेऊन, फुटक्या विटा पोटाशी धरून, पोत्याची दोन टोके दोघांनी ओढत आम्ही जो डोंगर रचत असू, तो पुढे चार दिवस उकिडवे बसून थापायचा. हल्ली किल्ला तयार मिळतो. बुरूज, दरवाजा, तळे, सगळे एका साच्यातून काढलेले. २०२४ च्या दिवाळीत मी हट्टाने मातीच्या किल्ल्याचा ठराव मांडला. तो एका मताने संमत झाला (ते मत माझेच होते), आणि रविवारी सकाळी सोसायटीतली आठदहा बालके मातीच्या ढिगाभोवती जमली.

तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यांतल्या बहुतेकांना उकिडवे बसताच येईना. टाचा जमिनीला टेकवल्या की ती मागे कलंडत. टाचा उचलल्या की पुढे नाक मातीत. एका चिरंजीवांनी तर घरून प्लॅस्टिकचे स्टूल आणवले आणि त्यावर बसून राजगडाची तटबंदी घालायला घेतली. मला हसू आवरेना. शेजारी आमची कन्या उभी होती, वय वर्षे सोळा. तिला मी ऐटीत म्हणालो, "दाखव गं यांना, कसे बसायचे ते!"

ती बसली, आणि मागे कलंडली.

माझे हसणे तिथेच थांबले.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमची कन्या परकी नाही. तिच्या शुद्धलेखनावर, तिच्या बुद्धिबळावर आणि तिच्या हातातल्या मोबाईलवर मी आजवर पुष्कळ शाई खर्च केली आहे. मुलगी गुणी आहे. गणितात मार्क चांगले, चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा झालेल्या, बोलणे नेमस्त. आईवडिलांना काळजी वाटावी असे तिने काही केलेले नव्हते. ते तिने २०२५ च्या मे महिन्यात केले.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे ज्या एनडीएला आपण पुणेकर सिंहगडावर जाता-येता दुरून नमस्कार करतो तिथून, ३० मे २०२५ रोजी मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दार किलकिले केले, २०२२ मध्ये मुली आत गेल्या आणि तीन वर्षांनी सतरा जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करीत बाहेर आल्या. आमच्या घरी ते दूरचित्रवाणीवर आजी आणि नात अशा दोघी बघत होत्या. आजीने, म्हणजे माझ्या आईने, डोळ्यांना पदर लावला. नातीने पदर नसल्यामुळे नुसतेच सांगितले, "बाबा, मला तिकडे जायचंय."

आमची ही म्हणाली, "आधी स्वतःच्या खोलीतला पसारा आवर." मी काहीच म्हणालो नाही. प्राध्यापक माणसाला तासभर बोलता येते, पण ते विषय ठरलेला असला तर.

चार दिवसांनी कन्येने यूपीएससीच्या जाहिरातीतले एक पान माझ्यासमोर ठेवले. परीक्षेची, मुलाखतीची माहिती बरीच होती, पण तिने बोट ठेवले होते ते एका लहानशा यादीवर. उमेदवाराने प्रबोधिनीत येण्यापूर्वी अंगाला कसली सवय ठेवावी, ते तिथे सांगितले होते. २.४ किलोमीटर १५ मिनिटांत धावणे. दोरीवरच्या उड्या. जोर आणि बैठ्या उठाबशा किमान वीस-वीस. बारला लोंबकळून हनुवटी वर नेणे आठ वेळा. आणि दोरावर तीन ते चार मीटर चढणे.

मी ती यादी दोनदा वाचली. मराठीचा माणूस असल्यामुळे मला प्रथम जाणवला तो तिचा साधेपणा. बंदूक नाही, तोफ नाही, डावपेच नाहीत. धावा, दोरीवर उड्या मारा, लोंबकळा, चढा. आमच्या वाड्यात हे सगळे दुपारी तीन ते दिवेलागणीपर्यंत होत असे, आणि त्याबद्दल मार खावा लागे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बापलेक टेकडीवर गेलो. २.४ किलोमीटरांतले पहिले ८०० मीटर ती पळाली, पुढे चालली आणि शेवटी एका दगडावर बसली. दोरीवरच्या उड्या अकरा झाल्या आणि बाराव्या उडीला दोरी पायात आली. तिथल्या बागेत व्यायामाचा एक लोखंडी सांगाडा आहे, त्याला कोणी तरी एक दोर बांधून ठेवला होता. तो तिने दोन्ही हातांनी धरला, पाय उचलले, आणि ती होती तिथेच राहिली. पायांनी दोर धरायचा असतो हे तिच्या पायांना माहीतच नव्हते. पुन्हा प्रयत्न केला. तळहात सोलले. ती खाली उतरली, म्हणजे जमिनीपासून सहा इंच उतरली, आणि हात पाठीमागे लपवून मला म्हणाली, "चला घरी."

आणि वाचकहो, खरे सांगतो, त्या क्षणी मला बरे वाटले. मुलीचे डोळे भरलेले दिसत असताना तिच्या बापाला मनातल्या मनात हायसे वाटले. दोर आपणहून नाही म्हणाला होता; आता मला नाही म्हणावे लागणार नव्हते. सीमेवरून कोणाचा मुलगा तिरंग्यात येतो तेव्हा आमच्या सोसायटीत मेणबत्त्या लागतात, त्या आणण्याचे काम दर वेळी मी पुढाकाराने करतो. सैन्याचे आम्हा मध्यमवर्गीयांना भारी कौतुक. फक्त ते शेजारच्या जिल्ह्यातून भरलेले असावे.

त्या हायसे वाटण्याची लाज वाटली म्हणून म्हणा किंवा पुस्तकी सवयीने म्हणा, मी या विषयावरचे मिळेल ते वाचायला घेतले. आणि असे दिसले की माझ्यासारख्या बापांची परंपरा जुनी आहे, आणि देशोदेशीची आहे.

प्रशिया १८०६ मध्ये नेपोलियनपुढे लोळण घेऊन पडला, तेव्हा यान नावाच्या एका मास्तराने १८११ मध्ये बर्लिनबाहेरच्या माळावर मुलांसाठी खांब, दोर आणि दांड्या उभारल्या. आज शाळेच्या व्यायामशाळेत जे 'पॅरलल बार' असतात त्यांची कुळी तिथली. इंग्रजांना हा धक्का बोअर युद्धात बसला. १८९९ ते १९०२ या काळात भरतीला आलेल्या शहरी मजुरांच्या पोरांतली कितीतरी वैद्यकीय तपासणीतच बाद होऊ लागली. सरकारने चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल १९०४ मध्ये आला, आणि मला मौज वाटली ती पुढच्या भागाची. या सगळ्यातून १९०६ मध्ये निघाला तो शाळकरी मुलांना जेवण देण्याचा कायदा, आणि १९०७ मध्ये शाळांतून मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. उपाशी पोराला कवायत काय शिकवणार? हे त्यांना युद्धाने शिकवले, आपल्याकडच्या शाळेतल्या शिपायालाही ते न शिकवता कळते.

अमेरिकेची गोष्ट आमच्या घरच्या गोष्टीच्या जास्त जवळची आहे. दुसरे महायुद्ध जिंकलेला, घरोघर मोटार आलेला देश. १९५३-५४ च्या सुमारास हान्स क्राउस नावाच्या डॉक्टराने (हा स्वतः पट्टीचा गिर्यारोहक) आणि त्याच्या एका सहकारी बाईने तिथल्या शाळकरी मुलांची चाचणी घेतली. चाचणी कसली, सहा साधे प्रकार: उताणे पडून पाय उचला, उठून बसा, गुडघे न वाकवता जमिनीला बोटे लावा. निम्म्याहून अधिक अमेरिकन मुले त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या प्रकारात नापास झाली. हीच चाचणी ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंड इथल्या मुलांची घेतली, तर दहांतले एखादेच नापास. युद्धाने भाजून निघालेल्या देशांतली, पायी शाळेत जाणारी ही मुले. अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः सेनापती. १९५५ मध्ये त्यांच्या कानावर हे गेले, आणि १९५६ मध्ये मुलांच्या शारीरिक क्षमतेसाठी त्यांनी एक राष्ट्रीय मंडळ नेमले. पुढे केनेडींनी १९६० मध्ये 'मऊ अमेरिकन' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख एका क्रीडा साप्ताहिकात लिहिला. इतके होऊनही, २०२० मध्ये त्यांच्याच संरक्षण खात्याने काढलेला हिशेब असा की १७ ते २४ वयाच्या शंभर तरुणांतले ७७ जण काही सवलत दिल्याखेरीज सैन्यात घेण्याजोगे नाहीत. वजन, व्यसने, आजार, मनाचे आजार, कारणे अनेक. २०२२ च्या ऑगस्टपासून तर भरतीआधी वजन उतरवून देण्याचे आणि अभ्यास पक्का करून घेण्याचे वर्ग खुद्द सैन्यानेच काढले.

आपल्याकडे याची चर्चा होत नाही, कारण आपल्याकडे भरतीच्या मैदानावर रांगा असतात. जागा थोड्या आणि पोरे हजारोंनी. पण ती पोरे कुठून येतात ते पाहा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्दच कायमचा लागला आहे. आमच्या वसाहतींच्या नावापुढे 'हाइट्स' लागतो, आणि तरीही त्यांतल्या मुलांना उंचीची भीती वाटते.

माझे वडील या बाबतीत एक गोष्ट सांगत. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती सक्ती गेली. वडील नेमके त्या मांडवाखालून गेलेले. त्यांच्या पलटणीत एक मुलगा होता, संस्कृतात पहिला येणारा. त्याला 'तेज चल' म्हटले की डाव्या पायाबरोबर डावा हात आणि उजव्या पायाबरोबर उजवा हात पुढे जाई. एरवी तो सगळ्यांसारखाच चाले. हुकूम झाला की मात्र हातपाय एका बाजूचे होत. सुभेदारांनी त्याला शिव्या दिल्या, समजावले, शेवटी त्याच्या शेजारून स्वतः हात धरून चालले. महिनाभराने ते वडिलांना म्हणाले म्हणे, "ये लडका बचपन में खेला नहीं." वडील हे वाक्य सुभेदारांच्या आवाजात म्हणत, आणि आम्ही हसत असू. त्या वेळी ते विनोदी वाटे.

आता कळते की सुभेदार शास्त्र सांगत होते. धावणे, लंगडणे, उडी मारून दोन्ही पायांवर उतरणे, फेकणे, झेलणे, तोल सांभाळणे या हालचाली दाढीमिशांसारख्या वय आले की आपोआप येत नाहीत. त्या अंगाला शिकाव्या लागतात, आणि शिकण्याचे सोपे वय तीनचारपासून आठदहापर्यंतचे. नंतर शिकता येत नाही असे नाही, पण मग शिकणाऱ्याला आपण शिकतो आहोत हे कळत असते, आणि तिथेच सगळी अडचण होते. मराठीत 'अंगवळणी पडणे' असा फार नेमका वाक्प्रचार आहे. वळण पडायचे ते अंगाला; डोक्याला पडून भागत नाही. लंगडीत एका पायावर शरीर पेलणे, आट्यापाट्यांत हूल देऊन झटकन दिशा बदलणे, लगोरीत नेम, विटीदांडूत झेल, सूरपारंब्यांत दोन्ही हातांवर सगळे वजन. एकेका खेळाला एकेक हालचाल वाटून दिल्यासारखी आहे. कोणी वाटून दिली? कोणीच नाही. पोरांनी पोरांना दिली.

हाडांचेही असेच. नव्या शिपायांच्या नडगीला किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडे जातात. एक दणका बसून नव्हे, रोजच्या चालण्या-धावण्याने. प्रशियाच्या एका लष्करी डॉक्टराने १८५५ मध्ये हे प्रथम लिहून ठेवले. इस्रायलच्या पायदळातल्या नव्या शिपायांवर याचा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. जी मुले भरतीपूर्वी किमान दोन वर्षे चेंडूचे खेळ, मुख्यतः बास्केटबॉल, खेळलेली होती, त्यांच्यात हे तडे निम्म्याहून कमी आढळले. आणि जी भरतीसाठी म्हणून नुसती धावली होती त्यांना तसा फायदा दिसला नाही. म्हणजे सरळ रेषेत पळून हाड तितके पक्के होत नाही. ते होते उड्यांनी, धक्क्यांनी, अचानक वळण्याने. विशीपर्यंत हाडांच्या पेढीत ठेव भरायची मुभा असते. पुढे बहुधा काढायचेच. माझ्या कन्येच्या त्या पेढीत आम्ही बुद्धिबळाचे सोंगटे भरले होते.

जून-जुलैत हे वाचून झाले, आणि ऑगस्टात मला गुरू भेटला. तो माझ्याच तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर बसत असे. कोरेगाव तालुक्यातला मुलगा, काटक, अबोल. शोधनिबंध वेळेवर देत नाही म्हणून मी त्याला बोलावले, तर म्हणाला, "सर, अग्निवीरची ऑनलाइन परीक्षा निघाली, आता मैदानाची तयारी चाललीय." मी शोधनिबंध बाजूला ठेवला आणि त्याला खुर्ची दिली. माझ्या आयुष्यात विद्यार्थ्याची टिपणे मी काढली ती त्याच दिवशी. त्याने सांगितले: १.६ किलोमीटर धावणे, साडेपाच मिनिटांच्या आत आले तर पैकीच्या पैकी ६० गुण. बीम म्हणजे पुलअप्स, दहा काढले तर ४०. आणि मग दोन गोष्टी ज्यांना गुण नाहीत, नुसते पास किंवा नापास: अरुंद नागमोडी फळीवरून तोल सांभाळत चालणे, आणि नऊ फुटांचा चर उडी मारून ओलांडणे.

"त्यात कोण नापास होतं?" मी विचारले.

"पळण्यात पैला आलेली पोरं होत्यात, सर. पळायचं अकॅडमीत शिकिवत्यात. चराच्या काठावर पाय थांबत्यात, त्याला काय करणार?"

मी त्याला माझी अडचण सांगितली. तो पुढच्या रविवारी आम्हा दोघांना गावाबाहेरच्या एका माळावर घेऊन गेला. तिथे भरतीच्या पोरांनी स्वतः कुदळीने चर खणला होता. पावसाने त्यात हातभर चिखल. नऊ फूट ही रुंदी कागदावर काहीच वाटत नाही. आमच्या दिवाणखान्याची भिंत त्याहून लांब आहे. काठावर उभे राहिले की ती कृष्णेच्या पात्राएवढी होते.

कन्या धावत आली आणि काठावर थांबली. पुन्हा मागे गेली, धावत आली, थांबली. पाचव्या खेपेला तिला धीर यावा म्हणून मी म्हणालो, "अगं, त्यात काय आहे? मी दाखवतो." वय सत्तेचाळीस, चष्मा, पायांत कॉलेजचे बूट. वर्णन लांबवीत नाही. साहित्यात ज्याला 'मध्यंतर' म्हणतात तिथपर्यंत मी पोहोचलो. मला बाहेर काढायला दोघे लागले, आणि आमची कन्या कित्येक आठवड्यांनी पोट धरून हसली. तो मुलगा हसला नाही. त्याने माझा चष्मा पुसून हातात दिला आणि गंभीरपणे म्हणाला, "सर, ताईस्नी आदी पडाय शिकवाय पायजे. तुम्हालाबी. पडाय आलं की उडी आपसूक येती."

आणि त्या दिवशी त्याने उडी शिकवलीच नाही. ओल्या गवतावर तो तिला पडायला लावीत होता. गुडघे सैल सोडून, हनुवटी छातीशी, खांद्यावरून लोळत. मग लंगडी. मग त्याने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी आट्यापाट्यांची पाटी आखली आणि तिला मध्ये घेतले. वीस वर्षांची भरतीला निघालेली पोरे आणि सतरा वर्षांची एक शहरी मुलगी तासभर अक्षरशः खेळत होती. मी कडेला चिखल खरवडत बसलो होतो.

घरी आल्यावर आईने माझ्या कपड्यांकडे पाहिले, नातीच्या कोपरावरच्या खरचटीकडे पाहिले, आणि हळद आणायला उठली. हळद लावता लावता ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "पेरूची फांदी मोडत नसते रे."

इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी नऊ वर्षे कोणाला सांगितली नव्हती.

आईचे माहेर वाईचे. घराच्या मागे पेरूचे झाड. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे जात असू, आणि आठ वर्षांची आमची कन्या दिवसभर त्या झाडावर असे. एके दुपारी मी झोपेतून उठून मागच्या दारी आलो. ती बरीच वर होती, एका हाताने फांदीला लोंबकळत, दुसऱ्या हाताने पिकला पेरू तोडीत. मस्त झोके घेत होती. मी ओरडलो, "खाली उतर!" नुसते म्हणालो नाही, ओरडलो. ती दचकली, आवाजाच्या दिशेने वळली, आणि हात सुटला.

मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर. सगळ्यांना मी सांगितले, फांदी मोडली. कोणी झाडाकडे जाऊन पाहिले नाही. निदान मला तसे वाटत होते. मग पुण्यात आल्यावर झाड बंद, भिंत बंद, सायकल आवाराच्या आत, आणि कुठेही जरा उंच चढली की माझे तेच दोन शब्द. वर्ष-दीड वर्षात मला ते म्हणावे लागेनासे झाले. मुलगी शहाणी झाली असे आम्ही म्हणू लागलो. तिला बुद्धिबळाच्या वर्गाला घातले.

पेरूचे लाकूड चिवट. गलोलीची बेचकी पोरे मुद्दाम पेरूची घेतात. वाईच्या घाटावरून लहानपणी कृष्णेत उड्या मारलेल्या माझ्या आईला हे माहीत नसेल असे मी कसे धरून चाललो होतो, कोण जाणे.

त्यानंतर दोराची सोय मी स्वतः शोधली. गावातल्या एका जुन्या व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब शिकवतात. मल्लखांबाची कूळकथा पुष्कळांना ठाऊक असते: दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नावारूपाला आणली, आणि सप्तशृंगीच्या डोंगरात त्यांना ती मारुतीकडून मिळाली अशी श्रद्धा आहे. मारुतीकडून मिळाली किंवा झाडावरच्या वानरांकडे बघून सुचली, दोन्ही कथा एकाच दिशेला बोट दाखवतात. पूर्वी दोराच्या जागी वेत टांगत. चांगला वेत मिळेनासा झाला आणि सुताचा दोर आला. बडोद्याच्या मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश काढला. एवढी अवाढव्य संपत्ती मराठीत असताना मराठीचा प्राध्यापक असलेल्या मी ती ग्रंथालयातल्या कपाटाबाहेरूनच पाहिली होती.

तिथे आमच्या कन्येच्या तुकडीत सगळ्या आठ-नऊ वर्षांच्या मुली. पहिल्या दिवशी एका चिमुरडीने तिला विचारले, "काकू, तुम्ही पण शिकणार?" काकू म्हणवून घेऊन ती शिकायला लागली. पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात दोर धरायचा, मग दुसऱ्या पावलाने दाबायचा, मग हात. बोटांच्या मधली कातडी सोलते. पहिले दोन आठवडे ती लंगडत कॉलेजात गेली. आमच्या हिने मलम आणून दिले आणि अजून नापसंती कायम ठेवली आहे. "तिला जायचंच असेल तर जाईल," ही म्हणते, "पण मी टाळ्या वाजवणार नाही." मला ते माझ्या मेणबत्त्यांपेक्षा प्रामाणिक वाटते.

चराचे म्हणाल तर सप्टेंबरअखेर तिने तो ओलांडला. टाच काठावर घसरली, पण ओलांडला, आणि पडली ती खांद्यावरून लोळत. माझ्या विद्यार्थ्याचे मैदानही झाले. धावणे, बीम, फळी, चर, चारी निघाले. यादी लागायची आहे. शोधनिबंध अजून यायचाच आहे. कन्येची लेखी परीक्षा पुढे एप्रिलात; पास झाली तर निवड मंडळाचे पाच दिवस, मग वैद्यकीय तपासणी. आमच्या घरात चष्म्याचे नंबर वाढते आहेत, तेव्हा पुढचे काहीच सांगता येत नाही.

परवा व्यायामशाळेत आई हट्टाने माझ्याबरोबर आली. बाकावर बसली. कन्या दोराशी आली, आमच्याकडे न बघता तिने हातांना माती चोळली आणि चढू लागली. जमिनीपासून सहा इंच. मग माझ्या डोक्याएवढी. मग त्याहून वर. तिथे भिंतीवर तीन मीटरला एक तांबडी रेघ मारलेली आहे. रेघेपाशी ती थांबली. दोर हळूहळू फिरत होता, त्याबरोबर तीही फिरत होती. मी केव्हा उठून उभा राहिलो ते मला कळले नाही. आईने माझा शर्ट मागून धरला होता.

वरून, खाली न बघता, कन्या म्हणाली, "बाबा, या वेळी ओरडू नका हं."

मी बाकावर बसलो. तिने रेघ मागे टाकली.